पुढची सीट

गणपतीच्या आदल्या दिवशी महाडच्या पुढे, बिरवाडीकडे वळणाऱ्या रस्त्याला एखाद्या चहाच्या टपरीपाशी नुसतं उभं राहावं. जनगणना नको, आयकर खातं नको. कोणाचं कसं चाललंय ते नंबरप्लेटी सांगतात. एमएच ०१ दिसली की बाकड्यावरचे म्हातारे मान वर करतात. आपल्या माणसाकडे दक्षिण मुंबईची गाडी, म्हणजे एकतर तो फार मोठा झाला किंवा मालकाची घेऊन आलाय. एमएच ०४ म्हणजे ठाणे: हप्ते चालू आहेत. एमएच ४३, नवी मुंबई: नोकरी पक्की आणि सोसायटीला लिफ्ट. एमएच ४८, वसई-विरार: गाडी घेतली खरी, पण कामावर जातो लोकलनेच. आणि एमएच ०६ म्हणजे पेणच्या आरटीओची, आपली रायगडची. तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मात्र रात्री दोन वाजता गरज पडली की सगळे हिच्याच दारात.

तळीयेच्या आसपासच्या आमच्या वाड्यांमध्ये चाकरमानी दारात गाडी लावतो तेव्हा त्याची जी उलटतपासणी होते, ती आरटीओतही होत नाही. ती घ्यायचा मान आप्पांचा.

"काय रं, कवा निघालासा?"

"रात्री एकला, आप्पा."

"आन् आता पोचलासा? चालत आलासा काय?"

"हायवेला ट्रॅफिक होतं."

"गाडी कुनाची?"

"घेतली."

"घेतली म्हंजी तुझीच?"

"अजून बँकेचीच म्हणा."

"बँकेची व्हय! मग मॅनेजरला आनायचा की संगं, मोदक खाल्लं असतं त्यानं."

यानंतर दोनच प्रश्न उरतात. कितीला पडली आणि अ‍ॅवरेज किती देते. पहिल्याचं उत्तर चाकरमानी वाढवून सांगतो, दुसऱ्याचंही वाढवूनच सांगतो. आप्पा दोन्ही मनातल्या मनात कमी करून घेतात. व्यवहार पूर्ण होतो.

पण गाडी आली की माणूस वरच्या वर्गात गेला, असा जो हिशेब शहरात बसून मांडला जातो, तो आमच्या डोंगरात जुळत नाही. इथे वर्ग गाडीवरून ठरत नाही, सीटवरून ठरतो. गाडी कोणाची हा प्रश्न औपचारिक असतो. खरा प्रश्न, पुढे कोण बसणार?

याची तालीम एसटीत झाली. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुण्याहून नगरला गेली. आमच्या फाट्यापर्यंत यायला तिने पुढे बरीच वर्षं घेतली, आणि फाट्याच्या वरचा चढ तिने आमच्या पायांवर सोपवला. एसटीत सगळे सारखे, असं म्हणायची पद्धत आहे. ज्याने म्हटलं तो कधी शिमग्याच्या आधी मुंबईच्या डेपोत उभा राहिला नसावा. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा आणि दारातून रेटारेटी करून चढणारा, हे दोन वर्ग तिथेच पडतात. रुमालाला भारतीय रेल्वेतही इतका मान नाही. आत सीटच्या वर लिहिलेलं असतं, विधानसभा सदस्यांसाठी राखीव. त्या सीटवर आमच्या गावच्या बाया कोंबडीची पाटी मांडीवर घेऊन महाडच्या बाजाराला जात आल्या आहेत. विधानसभा सदस्य कधी हक्क सांगायला आले नाहीत. कोंबडीने मात्र सांगितला.

मग मिनीडोअर आली. रायगड जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं की ही तीन चाकांची सहा आसनी रिक्षा, आणि सहा हा आकडा फक्त कागदावरचा. मागे समोरासमोर किती बसतील ते त्या दिवशीच्या बाजारावर अवलंबून. खरी जागा ड्रायव्हरच्या शेजारची. तिथे अर्धं बूड आत आणि अर्धं हवेत असतं, एक हात ड्रायव्हरच्या पाठीमागून दांडीला धरलेला, पाऊस सरळ तोंडावर. मागे कोरड्यात, पाठ टेकून बसता येतं. तरी गुरुजी पुढे, तलाठी आले तर गुरुजी थोडे सरकून, आणि ग्रामसेवक आले तर ड्रायव्हरच बाहेर लटकून गाडी चालवणार. पुढे बसलेल्याला वाटेतला जो तो रामराम करतो. मागच्याचे फक्त गुडघे दिसतात. गुडघ्यांना कोण रामराम करणार?

मुंबईला गेलेली आमची माणसं गिरणीत, गोदीत, हॉटेलात लागली. गावकीच्या एकेका खोलीत वळकट्या लावून पाळ्यांनी झोपली. ज्यांचा हात स्टेअरिंगवर बसला ते टॅक्सीवर गेले किंवा साहेबाच्या गाडीवर. टॅक्सी म्हणजे प्रीमिअर पद्मिनी, वालचंद हिराचंदांच्या कारखान्यात, कुर्ल्याला तयार होणारी. सणाला एखादी काळी-पिवळी मीटरला फडकं गुंडाळून वाडीत यायची तेव्हा तिला ओवाळायचं तेवढं बाकी राहायचं. पद्मिनीचा गिअर स्टेअरिंगला आणि पुढची सीट सलग, बाकासारखी. म्हणजे पुढे तिघं. एका गाडीत दोन-दोन मानकऱ्यांची सोय करणारी अशी लोकशाहीवादी मोटार पुन्हा झाली नाही. २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ छापली. आमच्याकडेही हळहळ झाली, पण व्यावहारिक: आता वरातीत नवरदेवाचा मामा आणि काका दोघांना पुढे कसं बसवायचं?

साहेबाच्या गाडीचा किस्सा मात्र वेगळा. आमच्या बाजूचा एक जण, नाव नको, मलबार हिलला एका शेठच्या गाडीवर होता. शेठ परदेशी गेले की घरच्यांच्या परवानगीने कधीमधी ती लांबलचक गाडी गावाला यायची. चढावर तिचं पोट दगडाला घासायचं आणि याच्या पोटात गोळा यायचा. त्याने एकदा हौसेने म्हाताऱ्या वडिलांना मागच्या सीटवर बसवलं, मऊ उशी दिली, एसी लावला आणि सांगितलं की तात्या, साहेब हितंच बसतात.

"मागं?" तात्यांना पटेना. "साहेब आसून मागं बसतो? का बरं? पुढं कोन बसतं?"

"मी. ड्रायव्हर."

"म्हंजी मान तुझा."

"न्हाई तात्या, मुंबईत मोठी मानसं मागं बसत्यात."

"आरं, मागं बसल्यावर गाडी लागती. सांगत जा साहेबाला."

आणि तात्या उठून पुढे येऊन बसले. वाटेत रामराम घेत. मलबार हिलची सगळी समाजरचना तळीयेच्या चढाला अशी उलटीपालटी होते. जी सीट तिथे नोकराची, ती इथे पाटलाची. चाळीस वर्षं पुढच्या सीटवर बसून नोकरी केलेल्या माणसाला गावात आल्यावर कळतं की आपण सगळा जन्म मानाच्याच जागेवर काढला. पगार तेवढा त्या मानाने नव्हता.

गाडीत कोण बसतो आणि कोण हाकतो यावरून माणूस तोलायची खोड मोटारीपेक्षा जुनी आहे, आणि तिला दर वेळी विनोदी बाजू असतेच असं नाही. २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना दोन वर्षांनी चाळीसगावला टांग्याची गरज पडली. टांगेवाले टांगा द्यायला तयार होते, हाकायला नाही. अस्पृश्याला बसवून टांगा हाकणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. भाडं चालत होतं, सारथ्य चालत नव्हतं. म्हणून वस्तीतल्याच एकाने, ज्याला सवय नव्हती, लगाम धरला. टांगा पुलावर उलटला आणि बाबासाहेब दगडावर आदळून जायबंदी झाले. ही हकीकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवली आहे. बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसापेक्षा टांगेवाला स्वतःला वरचा समजत होता, हे त्यांच्या नजरेतून सुटलेलं नाही. आता दर २० मार्चला महाडात निळे झेंडे लावलेल्या गाड्यांची रांग लागते. चालवणारे आणि बसणारे एकाच घरचे असतात.

मोटार सामान्यांच्या हाती द्यायचे सरकारी-खासगी प्रयत्न पुष्कळ झाले. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. ती डॉक्टर, वकील आणि रस्त्याचे कंत्राटदार यांच्यापर्यंत पोचून थांबली. (रस्ता मात्र त्या कंत्राटदारांपर्यंत पोचून थांबला.) खरा प्रयोग नॅनोचा. पावसात स्कूटरवरून जाणारं चौकोनी कुटुंब रतन टाटांनी पाहिलं आणि त्यांना लाखाची गाडी सुचली. २००८च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात ती जगाला दाखवली, २००९मध्ये विक्रीला काढली, दोन लाखांवर लोकांनी नोंदणी केली. पुढे २०१८मध्ये ती बनायची थांबली. जगातली सर्वांत स्वस्त गाडी म्हणून तिला मिरवणं अंगलट आलं, हे नंतर टाटांनीही कबूल केलं.

त्यांनी आधी आप्पांना विचारायचं होतं. आमच्या पंचक्रोशीत एकाने नॅनो आणली. गावात पहिलं वाक्य काय यावं? "ही लाखाची ती न्हवं?" संपलं. तुमच्या गाडीची किंमत सगळ्या देशाला तोंडपाठ असेल तर ती वाढवून कशी सांगणार? माणूस कर्ज काढून जे विकत घेतो ते दुसऱ्याचा अंदाज चुकवण्याचं सुख. नॅनोने ते काढूनच घेतलं होतं. त्यात बॉनेट उघडून दाखवलं तर आत इंजिन नाही, ते मागे. "कारखान्यात इसरलं काय?" असं एका पोराने विचारलं तेव्हा मालकाने बॉनेट जे लावलं ते पुन्हा चारचौघांत उघडलं नाही. काचेला वायपर एकच. महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. दोन वायपरवाल्यांना जिथे समोरचा डोंगर दिसत नाही, तिथे तो एकटा वायपर किती करणार? पण पुढची सीट ऐसपैस होती, हे मालकाच्या बाजूने सांगायला हवं. आणि तरीही गुरुजी त्यात बसले नाहीत. "जवळच तर जायचंय," म्हणाले, आणि मिनीडोअरला अर्धे लटकून गेले.

आता लाखाची गाडी सांगून कोणी आणणार नाही. देशात विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून जास्त एसयूव्ही असतात, आणि गणपतीच्या पाच दिवसांत त्यातल्या निम्म्या आमच्याच रस्त्यावर आहेत की काय असं वाटतं. सगळ्या पांढऱ्या. सगळ्या सात वर्षांच्या कर्जावर. आणि सगळ्यांना वर काचेची खिडकी, सनरूफ. कोकणात या सनरूफचं काय करायचं हे विकणाऱ्याने सांगितलं नसतं आणि घेणाऱ्याने विचारलं नसतं. चार महिने वरून पाऊस, दोन महिने डोकं भाजणारं ऊन, आणि उरलेल्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावली तर वरून वानरं आत बघतात. तरी मिरवणुकीत एक पोर त्यातून कमरेपर्यंत बाहेर काढलंच पाहिजे. पूर्वी ट्रकच्या टपावर बसून पोरं जायची तेव्हा त्यांना हाणायचे. आता त्याच उंचीवर जायला लाखभर रुपये जास्त मोजतात.

या गाड्या मुंबईहून आमच्यापर्यंत येतात कशा, हा वेगळा पुराणविषय. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११मध्ये सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेली पोरं आता मिसरूड फुटल्याच्या खुणा शोधतायत. सरकार गणपतीत टोल माफ करतं, हे चांगलंच. २०२५ला कोकण रेल्वेने तर गाडीच रेल्वेवर चढवून न्यायची सोय केली: कोलाड ते गोव्यात वेर्णा, गाडीमागे ७,८७५ रुपये. महाड-पोलादपूरच्या माणसाने यावर गंभीरपणे विचार केला. वडखळ, नागोठण्याचा सगळा त्रास भोगून कोलाडला पोचायचं, तिथे गाडी वॅगनवर चढवायची, मग ती आपल्या घराजवळून सुसाट निघून गोव्याला उतरणार आणि आपण गोव्याहून उलटे येणार. दर्शनाला विसर्जनापर्यंत पोचू. बेत रहित झाला.

हे सगळं पाच दिवसांचं. सहाव्या दिवशी पांढऱ्या गाड्या जातात आणि मागे उरते ती एमएच ०६ची इको. तिला सनरूफ नाही, रंग उडालेला, मागच्या काचेवर कुलदैवत आणि खाली "आईचा आशीर्वाद". सकाळी दूध आणि शाळेची पोरं, दुपारी सिमेंट, लग्नसराईत नवरी, एरवी शेळी. रात्री कोणाच्या छातीत दुखायला लागलं की हिलाच उठवतात. पुढे कोण बसणार हा प्रश्न त्या वेळी निघत नाही. आजाऱ्याला मागे आडवं करतात आणि पुढे त्याची बायको बसते, रस्त्याकडे बघत.

तळीये हे नाव बाहेरच्यांना एकाच कारणाने माहीत आहे. २२ जुलै २०२१ला डोंगर खाली आला आणि कोंढाळकरवाडी घेऊन गेला. ऐंशीच्या वर माणसं गेली. महाड पुरात, रस्ते पाण्याखाली आणि दरडींखाली. ज्या दिवशी गाडी हवी होती त्या दिवशी कोणाचीच येऊ शकली नाही. त्यानंतरच्या आठवड्यात त्या रस्त्याने जितक्या गाड्या आल्या, लाल-पिवळ्या दिव्यांच्या, वाहिन्यांच्या छत्र्या लावलेल्या, मंत्र्यांच्या पुढच्या आणि मागच्या, तितक्या त्या रस्त्याने आधी कधी पाहिल्या नव्हत्या. यावर विनोदी लेखात याहून जास्त लिहायचं नसतं.

नवा घोटाळा वेगळ्याच बाजूने सुरू झालाय. माझ्या चुलतभावाचा मुलगा पुण्यात आयटीत आहे. पगार असा की आकडा ऐकून आप्पांनी दोनदा विचारलं, महिन्याचा की वर्षाचा. हा पोरगा गणपतीला आला तो वीर स्टेशनला उतरून, पाठीला सॅक, मिनीडोअरने. वाडीत कुजबुज सुरू झाली. काकीने बाजूला घेऊन विचारलं, "नोकरी गेली काय रं बाबा?"

"नाही गं काकी."

"मग गाडी?"

"कशाला हवी? फोन केला की गाडी दारात येते. पार्किंग नको, हप्ता नको, सर्व्हिसिंग नको."

"म्हंजी भाड्याची."

"हो."

काकीने यानंतर त्याला दोन मोदक जास्त वाढले. गरिबाला वाढावेत तसे.

त्याच्या मते गाडी बाळगणं हे आता मागासपण आहे. त्याच्या कंपनीतले मोठे साहेब सायकलने येतात म्हणे. मुंबईत मेट्रोत सूटबूटवाले उभे राहून जातात. गाडी ठेवायला जागाही हवी: २०२५ला परिवहन मंत्र्यांनी सांगून टाकलं की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी करू द्यायची नाही. ते ऐकून आप्पा खूश झाले. आमच्याकडे खळं आहे, पडवी आहे, गोठा रिकामा आहे. मुंबईत गाडी घेणाऱ्यांनी आमचा सातबारा जोडावा, भाडं कमी लावू. पण पोरग्याचं लग्न काही केल्या जुळेना. मुलीकडचे येतात, पगार ऐकतात, खूश होतात, आणि अंगणात नजर टाकतात. गाडी नाही. मग इकडेतिकडे बघून हळूच मध्यस्थाला विचारतात, "एवढा पैसा जातो कुठं? पितो काय?" सायकलवाल्या साहेबांची मुलं लग्नाची असतील तर त्यांनी या बाजूच्या स्थळाची आशा ठेवू नये.

परवा आप्पांना कोणीतरी सांगितलं की आता ड्रायव्हर नसलेल्या गाड्या निघाल्यात. आप्पांनी दोन झुरके ओढून विचार केला.

"म्हंजी पुढं दोघं बसतील?"

गणपतीला किंवा शिमग्याला आमच्याकडे येणार असाल तर जरूर या. फक्त फाट्याच्या वर रस्ता एकाच गाडीपुरता आहे, हे लक्षात ठेवा. वळणावर समोर एसटी आली तर तिचा ड्रायव्हर हॉर्न देणार नाही, हातही दाखवणार नाही. इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेईल. तुमची गाडी बारा लाखांची असो नाहीतर बेचाळीस, मागे तुम्हालाच घ्यायची आहे. डाव्या बाजूला मोरीच्या अलीकडे थोडी जागा आहे, तिथे लावा. उजवीकडे घेऊ नका, तिकडे गटार आहे आणि गवतामुळे दिसत नाही.